उत्तर देणारे यंत्र आणि आयुर्वेदाचे शिक्षण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत हे पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पुढे व्यवसायाच्या धकाधकीत त्याकडे फारसे वळून पाहिले नाही. तो अध्याय पुन्हा उघडावा असे कारण आता उपस्थित झाले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने ‘चॅटजीपीटी’ हे संगणकीय साधन सर्वांसाठी खुले केले. पाठोपाठ इतर कंपन्यांचीही तशीच साधने आली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः रचून देणाऱ्या या तंत्रास ‘जनरेटिव्ह एआय’ म्हणतात. बीएएमएसचा विद्यार्थी आज त्याला निदानपंचक विचारतो, चिकित्सासूत्र विचारतो, केस पेपर लिहून मागतो आणि पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाचे प्रकरणही मागतो. चरकोक्त तीन उपायांच्या शेजारी हा चौथा उपाय कोणाच्या संमतीवाचून येऊन बसला आहे.

तो उपाय ग्राह्य की त्याज्य, असा सरळ प्रश्न विचारून भागणार नाही. आपल्याकडे कोणतेही द्रव्य सर्वस्वी पथ्य वा अपथ्य मानत नाहीत. मात्रा, काल, क्रिया, भूमी, देह आणि दोष पाहून ते ठरते. तोच न्याय येथे लावून या साधनाचे स्वरूप, त्याचे दोष आणि त्याचा योग्य उपयोग यांचा विचार या लेखात केला आहे. शिक्षणाचा विषय असला तरी तो महाविद्यालयापुरता नाही. आज जे पदवीधर होत आहेत तेच उद्या आपल्या दवाखान्यात सहायक म्हणून बसणार आहेत आणि आपल्या औषधनिर्माणशाळेत तज्ज्ञ म्हणून सही करणार आहेत.

हे यंत्र नेमके काय करते?

पुष्कळांची समजूत अशी आहे की, या यंत्राच्या पोटात सर्व ग्रंथ साठवलेले आहेत आणि प्रश्न विचारताच ते त्यातील योग्य पान काढून वाचून दाखवते. वस्तुस्थिती निराळी आहे. अशा साधनास घडवताना प्रचंड प्रमाणावर मजकूर दाखवला जातो. त्यातून कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते शिकते. प्रश्न आला म्हणजे त्या गणितानुसार शब्दामागून शब्द ठेवत ते उत्तर रचते. उत्तर खरे आहे का, हा प्रश्न त्या रचनेत मुळातच नाही. उत्तर शोभते का, एवढेच त्यात पाहिले जाते. बहुतेक वेळा जे शोभते ते खरेही असते, म्हणून आपला विश्वास बसतो. जेथे मूळ मजकूर विपुल आहे तेथे हे विशेष जमते. जेथे मजकूर विरळ आहे तेथेही ते थांबत नाही. तितक्याच सफाईने बोलत राहते.

आयुर्वेदाचा मजकूर या दृष्टीने विरळच आहे. संस्कृत संहितांचे शुद्ध पाठ थोडे, इंग्रजी भाषांतरे एकमेकांशी न जुळणारी, आणि जाहिरातवजा लेखन मात्र अमाप. मराठीची स्थिती तर आणखी बिकट. वैद्य गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’सारखे ग्रंथ आपल्या कपाटात आहेत; यंत्राच्या वाचनात ते कितपत आले असतील, याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. तेव्हा मराठीतून विचारलेल्या आयुर्वेदीय प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आरोग्यविषयक इंग्रजी लेखांच्या सरासरीतून येते आणि वर वात, पित्त, कफ या शब्दांची पेरणी होते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आयुर्वेदात संगणक आजच आलेला नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘आयुसॉफ्ट’ ही प्रणाली तयार केली, त्यास आता बराच काळ लोटला. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यक संपदा संस्थेने ई-संहिता आणि ई-निघंटु उपलब्ध केले. त्यांत शब्द शोधला असता मूळ ग्रंथातील स्थळ समोर येते. सापडले नाही तर सापडले नाही असे कळते. या साधनांत चूक असली तर ती कोठे आहे हे दाखवता येते आणि दुरुस्त करता येते. रचून उत्तर देणाऱ्या यंत्राचे तसे नाही. तोच प्रश्न दोनदा विचारावा तर दोन निराळी उत्तरे येऊ शकतात आणि त्यांपैकी कोणते कोठून आले हे यंत्रालाही सांगता येत नाही. अलीकडची काही साधने बाहेरचा संदर्भ शोधून त्याच्या आधारे उत्तर देतात. त्यामुळे चुका कमी होतात, पण संपत नाहीत.

श्लोक आहे, पण संहितेत नाही

या दोषाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे कल्पित संदर्भ. विद्यार्थी विचारतो, ‘अमुक विषयावर चरकाचे वचन द्या.’ यंत्र अनुष्टुभ छंदाच्या जवळपास जाणारी दोन ओळींची संस्कृत रचना देते, खाली स्थान, अध्याय आणि श्लोकक्रमांक देते. संहिता उघडून पाहावे तर त्या क्रमांकावर भलतेच काही असते, आणि ती रचना संपूर्ण ग्रंथात कोठेही नसते. विभक्ती जुळलेली, अर्थ पटण्याजोगा, भाषा गंभीर. ज्याने संहितेचे पारायण केले आहे त्यालाच शंका येईल. ज्याने केले नाही त्याच्या प्रबंधात ती रचना चरकाच्या नावावर जाऊन बसेल, आणि पुढचा विद्यार्थी त्या प्रबंधाचा संदर्भ देईल.

हा प्रकार केवळ आपल्या शास्त्रापुरता नाही. २०२३ साली न्यूयॉर्क येथील एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले पूर्वनिर्णय न्यायालयापुढे मांडले. ते निर्णय अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. तेथे न्यायाधीश होते, प्रतिपक्षाचा वकील होता, म्हणून खोटे उघडकीस आले. दवाखान्यात रुग्णासमोर बसलेल्या नवपदवीधराला प्रतिपक्षाचा वकील नसतो.

कोणी म्हणेल, विद्यार्थी पूर्वीही गाइड वाचूनच उत्तीर्ण होत. हे खरे आहे आणि गाइडची तरफदारी करण्याची आमची इच्छा नाही. परंतु गाइडला लेखक असतो, प्रकाशक असतो, आवृत्ती असते. त्यातील चूक सर्व विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत एकसारखी उमटते, आणि परीक्षकाला ती कोठून आली हे लगेच कळते. यंत्राची चूक प्रत्येकासाठी नवी असते. म्हणून ती पकडणे कठीण.

आप्त कोणास म्हणावे?

आपल्या शास्त्रात ज्ञानाचे पहिले साधन आप्तोपदेश हे आहे. आप्त कोण, तर रज आणि तम या दोषांपासून मुक्त झालेला, ज्याचे ज्ञान त्रिकालाबाधित आणि अकुंठित आहे असा. आमच्याशी झालेल्या चर्चेत एका तरुण वैद्याने मार्मिक मुद्दा मांडला. तो म्हणाला, “यंत्राला राग नाही, लोभ नाही, द्वेष नाही. मग रज-तमरहित तेच नव्हे काय?”

प्रश्न हुशारीचा आहे, म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे. रज-तमापासून मुक्त होणे हे ज्याला मन आहे त्याच्याच संबंधात बोलता येते. दगडालाही लोभ नसतो. म्हणून दगड आप्त ठरत नाही. आप्ताच्या वचनाला प्रामाण्य येते ते त्याने तत्त्व जाणले आहे आणि असत्य बोलण्याचे त्याला कारण नाही, या दोन गोष्टींमुळे. यंत्रापाशी दुसरी गोष्ट कदाचित असेल, पहिली नाही. त्याने रुग्ण पाहिलेला नाही, द्रव्य चाखलेले नाही, नाडीवर बोट ठेवलेले नाही. शिवाय ज्या मजकुरावर ते घडले तो माणसांनीच लिहिलेला आहे, आणि त्यात माणसांचे लोभ, जाहिराती व पूर्वग्रह भरपूर आहेत. यंत्राला लोभ नसला तरी त्याच्या बोलण्यात तो उतरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट उत्तरदायित्वाची. वैद्याचा सल्ला चुकला तर रुग्ण त्याला जाब विचारतो, परिषदेकडे तक्रार करतो, न्यायालयात जातो. गुरूने चुकीचे शिकवले तर शिष्य परत येऊन विचारू शकतो. यंत्राला विचारले तर ते नम्रपणे क्षमा मागते आणि दुसरे उत्तर देते. तेही चुकीचे असू शकते.

त्यामुळे यंत्राचे उत्तर आप्तोपदेशात बसत नाही. ते प्रत्यक्षही नाही. फार तर त्यास ऐकीव वार्ता म्हणता येईल. ऐकीव वार्ता टाकाऊ असतेच असे नाही, पण तपासल्याखेरीज तिच्यावर चिकित्सा उभारता येत नाही.

द्रव्य, मान आणि मात्रा

तात्त्विक चर्चा बाजूस ठेवून औषधाकडे वळू. येथे चूक शब्दाची राहत नाही. ती रुग्णाच्या शरीरात जाते.

पहिली अडचण संदिग्ध द्रव्यांची. ‘अमृता’ हा शब्द गुडूची, हरीतकी आणि आमलकी या तिन्हींसाठी येतो. ‘ब्राह्मी’ म्हटले की भेषजसंहितेप्रमाणे बाकोपा मोनिएरी घ्यावयाची, पण बाजारात पुष्कळ ठिकाणी त्या नावाखाली सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी मिळते. ‘शंखपुष्पी’ उत्तरेत एक, केरळात गोकर्णी. ‘रास्ना’ उत्तरेत प्लुचिया, दक्षिणेत कुलिंजन. प्रकरण, प्रदेश आणि टीकाकाराचे मत पाहून यांचा निर्णय होतो. शब्दांच्या साहचर्यावर चालणारे यंत्र या सर्वांची सरमिसळ करून एकच गुणवर्णन देते आणि एका वनस्पतीवरील प्रयोगांचे निष्कर्ष दुसरीच्या नावावर लावते. विद्यार्थ्याने वनस्पती हाती घेऊन पाहिली नसेल, पान चुरगाळून वास घेतला नसेल, तर त्याला यात वावगे काही दिसणार नाही.

दुसरी अडचण मानपरिभाषेची, आणि ती औषधनिर्मात्यांनी विशेष लक्षात घ्यावी. भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहानुसार १ कर्ष म्हणजे १२ ग्रॅम, १ पल म्हणजे ४८ ग्रॅम आणि १ प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम. पाठातील मानाचे ग्रॅममध्ये रूपांतर करून देणे हे यंत्राला सोपे वाटते. परंतु शार्ङ्गधराने द्रवद्वैगुण्याचा नियम सांगितला आहे : गुंजेपासून कुडवापर्यंत शुष्क, आर्द्र आणि द्रव यांचे मान समान, प्रस्थापासून पुढे द्रव आणि आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावयाची, ‘तुला’ हे मान आले तर मात्र दुप्पट नाही. म्हणजे १ प्रस्थ तैल हे ७६८ मिलिलिटर नव्हे, तर १,५३६ मिलिलिटर. हा नियम पाठात लिहिलेला नसतो, तो वाचकाने मनात धरायचा असतो. यंत्राने तो विसरून सरळ गुणाकार केला तर क्वाथ, कल्क आणि स्नेह यांचे प्रमाण बिघडते, स्नेहसिद्धी नीट होत नाही, आणि संपूर्ण घाणा वाया जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे बाटल्यांत भरून विकला जातो.

तिसरी अडचण विषद्रव्यांची. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये वत्सनाभ, भल्लातक, कुचला, धत्तूर, जयपाल, गुंजा आदी द्रव्यांचा समावेश आहे आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. यांच्या शोधनाची माहिती अर्धवट मिळणे हे न मिळण्यापेक्षा घातक. शोधनाची कृती सांगताना यंत्राने एक पायरी गाळली, किंवा एका द्रव्याचे शोधनमाध्यम दुसऱ्यास लावले, तर वाचणाऱ्याला ते ओळखण्याचे साधन कोणते? केवळ पूर्वी केलेले कर्म आणि उघडलेला ग्रंथ.

ही भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक रुग्णवृत्त प्रसिद्ध झाले. साठ वर्षांच्या गृहस्थाने आहारातील क्लोराइड टाळण्याच्या हेतूने चॅटजीपीटीशी विचारविनिमय करून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड घेण्यास प्रारंभ केला. तीन महिन्यांनी शेजारी आपल्यावर विषप्रयोग करीत आहे अशा संशयाने तो रुग्णालयात आला. भ्रम आणि भास होऊ लागले. निदान झाले ब्रोमाइडच्या विषबाधेचे. त्याचा मूळ संवाद डॉक्टरांना मिळाला नाही. परंतु त्यांनी स्वतः प्रश्न विचारून पाहिला तेव्हा क्लोराइडच्या जागी ब्रोमाइडचा उल्लेख यंत्राने केलाच, आणि हे कशासाठी हवे असे विचारले नाही. कोणताही वैद्य आधी हेच विचारील की, बाबा रे, तुला मीठ सोडायचे आहे ते का?

कर्म केल्याखेरीज हात बसत नाही

आता शिक्षणाच्या गाभ्याकडे येऊ. यंत्राची सर्व उत्तरे उद्या अचूक झाली, तरी एक आक्षेप शिल्लक राहतो आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर आहे.

सुश्रुताने सूत्रस्थानात योग्यासूत्रीय अध्याय लिहिला. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांसारख्या फळांवर करावा, लेखनाचा केसाळ चामड्यावर, वेधनाचा मृत पशूंच्या शिरा आणि कमळाच्या देठांवर, असे त्यात सांगितले आहे. सर्व शास्त्र शिकलेल्यालाही हा सराव केल्याखेरीज तो कर्माला योग्य मानत नाही. त्याच ग्रंथात केवळ शास्त्र किंवा केवळ कर्म जाणणाऱ्याला एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. चरकानेही वैद्याचे चार गुण सांगताना शास्त्राचे निर्मळ ज्ञान, वारंवार पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता असा क्रम लावला. यंत्र फार तर पहिल्या गुणाला मदत करील. उरलेले तीन उसने मिळत नाहीत.

आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये व्यवसाय करतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, तेव्हा त्याचा छोटेखानी समारंभ याच वसाहतीत झाला. लेथ आणि प्रेस मशीनच्या आवाजावर येथील दोन पिढ्या वाढल्या. आता अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असून तेथे संगणकावर काम चालते. आमच्याकडे दोन्ही पिढ्यांचे रुग्ण येतात. किसननगरातील एका निवृत्त फिटरने आम्हाला सांगितले होते की, शिकाऊ असताना लोखंडाच्या तुकड्यावर केवळ कानस चालवण्यात त्याचे कित्येक आठवडे गेले. तो तुकडा कोणाच्याही उपयोगाचा नव्हता. घासून झाला की भंगारात जाई. पण हाताला सपाटी कळली ती त्यातून. विद्यार्थ्याने लिहिलेला निदानपंचकाचा निबंध हाही असाच भंगारात जाणारा तुकडा आहे. निबंधाची जगाला गरज नसते. तो लिहिताना होणाऱ्या घासणीची विद्यार्थ्याला असते. निबंध यंत्राकडून करून घेणारा विद्यार्थी तुकडा सादर करतो, परंतु त्याच्या हातावरून कानस फिरलेली नसते.

यास आधुनिक आधारही मिळू लागला आहे. तुर्कस्तानातील सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. गणिताचा सराव करताना ज्यांना थेट उत्तरे देणारे यंत्र दिले होते त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली असता तेच विद्यार्थी यंत्र कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाला उत्तर न देता केवळ इशारे देणारे यंत्र दिले होते. त्या गटाचे असे नुकसान मोठ्या अंशी टळले. म्हणजे दोष साधनात जितका, तितकाच ते देण्याच्या रीतीत आहे.

शिकून तयार झालेल्यांचीही सुटका नाही. पोलंडमधील आतड्याच्या दुर्बिणतपासणीचा अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आला. तपासणीत एआयची मदत सुरू झाल्यानंतर, ज्या तपासण्या त्याच्याविना झाल्या त्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर उतरले. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यावरून अंतिम सिद्धांत काढू नये. तथापि अनुभवी डोळाही परावलंबी होऊ शकतो, ही सूचना त्यातून मिळते. तेथील साधन मजकूर रचणारे नव्हते, पण सवयीचा नियम तोच आहे. नाडी, जिव्हा आणि स्पर्श यांवर चालणाऱ्या वैद्याने ही सूचना दुर्लक्षू नये.

चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तीन प्रकारचे भिषक् सांगितले. त्यांतील छद्मचर हा ग्रंथ, औषधे आणि वैद्याचा आव यांच्या बळावर वैद्य म्हणवतो. सिद्धसाधित हा दुसऱ्याच्या कीर्तीच्या आधारावर मिरवतो. यंत्राचे उत्तर वाचून रुग्णाला सांगणारा पदवीधर या दोहोंपैकी कोणत्या वर्गात पडेल, हे वाचकांनीच ठरवावे.

परीक्षा आणि प्रबंध

राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाने २०२२ च्या नियमांनी बीएएमएसची रचना बदलली. १८ महिन्यांची तीन व्यावसायिक वर्षे आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असे तिचे स्वरूप आहे, आणि संहिता अध्ययनाला त्यात ठळक स्थान दिले आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी मूल्यमापन लिखित मजकुरावर अवलंबून राहिले तर त्याचा उपयोग मर्यादित.

प्रबंधाच्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम आहेत. त्यांत साम्याच्या टक्केवारीवर शिक्षा ठरते. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. हे नियम झाले तेव्हा असे यंत्र नव्हते. यंत्राने रचलेला मजकूर कोणाचीही नक्कल नसल्याने साम्यमापक त्यास शुद्ध ठरवतो. चौर्य नाही, आणि स्वतःचे काहीही नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

यावर यंत्राचेच लेखन ओळखणारे दुसरे यंत्र वापरावे, असा उपाय सुचवला जातो. तो विश्वासार्ह नाही. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले निबंध ही साधने पुष्कळदा यंत्राचे ठरवतात. मराठी माध्यमातून आलेला, साधी-सोपी इंग्रजी लिहिणारा आपला विद्यार्थी यात निष्कारण भरडला जाईल. तेव्हा पोलिसी उपायांपेक्षा मौखिक परीक्षा, रुग्णशय्येशेजारी विचारलेले प्रश्न आणि समोर बसवून लिहवून घेतलेला केस पेपर हेच खरे उपाय. ते जुने आहेत आणि त्यांना शिक्षकाचा वेळ लागतो, एवढाच त्यांचा दोष.

दुसरी बाजू

एकांगी टीका शास्त्राला शोभत नाही. या साधनाचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. दुर्बोध इंग्रजी संशोधनलेखाचा सारांश समजून घेणे, रुग्णासाठी पथ्यापथ्याचे पत्रक सोप्या मराठीत लिहिण्यास साह्य घेणे, पत्रव्यवहाराचा मसुदा करणे, स्वतःच्या टिपणांवरून सरावासाठी प्रश्न तयार करवून घेणे, यांत वेळ वाचतो. ग्रामीण महाविद्यालयातील ज्या विद्यार्थ्याला शंका विचारण्यास कोणी नाही, त्याला हे साधन बोलते तरी करते. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन आंतरराष्ट्रीय संस्थांसह पारंपरिक वैद्यक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात संधी मांडल्या आहेत, तसेच पारंपरिक ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्या हक्कांचे रक्षण करण्यावरही भर आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला अपरिचित नाही. हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली ते रद्द झाले. त्या वेळी जुने ग्रंथच पुरावा म्हणून उपयोगी पडले. आपले अनुभूत योग, घराण्यातील पाठ आणि रुग्णांच्या नोंदी आपणच यंत्राला टंकून देऊ लागलो, तर ते कोठे साठवले जाते आणि पुढे कोणाच्या उपयोगी पडते यावर आपला ताबा राहत नाही. रुग्णाची माहिती तर आपली नव्हेच. तिच्या रक्षणासाठी २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही संमत झाला आहे.

आपण काय करावे?

यंत्रावर बंदी घालणे कोणाच्या हाती नाही. तथापि पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत.

१. यंत्राने दिलेला कोणताही श्लोक वा संदर्भ मूळ संहितेत अथवा ई-संहितेत प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज लिहू नये, शिकवू नये, पत्रकात छापू नये.

२. मात्रा, अनुपान, शोधन आणि विषद्रव्ये यांविषयी यंत्राचे उत्तर प्रमाण धरू नये. अनुसूची ई-१ मधील द्रव्यांबाबत तर विचारूच नये.

३. औषधनिर्माणशाळेत पाठाचे मान काढताना रूपांतर हाताने करावे, द्रवद्वैगुण्य तपासावे आणि दुसऱ्या तज्ज्ञाची सही घ्यावी. घटकनोंदीचा कागद यंत्राकडून तयार करून घेऊ नये.

४. आपल्याकडे येणाऱ्या आंतरवासितांना रुग्ण तपासून होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवण्यास सांगावे. आधी त्यांचे निदान आणि त्याची कारणे लिहून घ्यावीत, मग हवे तर यंत्राचे उत्तर पाहून दोहोंतील फरकावर चर्चा करावी. तुर्कस्तानातील अभ्यासाचे तात्पर्य हेच आहे.

५. रुग्णाचे नाव, अहवाल, छायाचित्र आणि आपले अनुभूत योग अशा साधनांत घालू नयेत.

६. मोबाइलवरील उत्तर घेऊन येणाऱ्या रुग्णावर रागावू नये. ते उत्तर वाचावे, त्यातील बरोबर काय आणि त्याच्या प्रकृतीला न लागू पडणारे काय, हे समजावून सांगावे. ती पाच मिनिटे वाया जात नाहीत.

७. संघटनेच्या शाखांनी महिन्यातून एकदा तद्विद्यसंभाषा भरवावी. एक रुग्णवृत्त, एक संहितेतील अध्याय, आणि त्यावर खुली चर्चा, एवढे पुरे. तेथे नवपदवीधरांना बोलू द्यावे आणि ज्येष्ठांनी त्यांना शंका विचाराव्यात.

यांतील सातवी सूचना आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. चरकाने संभाषेचे दोन प्रकार सांगितले : मित्रभावाने होणारी संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी होणारी विगृह्य संभाषा. यंत्राशी होणारे बोलणे यांपैकी कशातच बसत नाही. ते आपल्याशी सहमत होण्यास उत्सुक असते. आपण हट्ट धरला तर पुष्कळदा आपले मत बदलते. ज्याच्याशी वाद होऊ शकत नाही त्याच्याकडून शंकानिरसन होत नाही. विद्यार्थी मध्यरात्री यंत्राला प्रश्न विचारतो, याचे एक कारण असे की, दिवसा त्याला विचारावे असे कोणी सापडत नाही. ती उणीव यंत्राने निर्माण केलेली नाही, आणि ती भरून काढणे आपल्याच हाती आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील वैद्यांनी आपल्या दवाखान्यात आठवड्यातील एक तास विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवला, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.